देवमासा ऐकायचा डबा

रविवार, १ ऑक्टोबर

ब्लू येऊन गेला. येताना स्कॅलपच्या, म्हणजे शिंपल्यातल्या मांसाच्या, गरम पेस्ट्र्या, बोटीचा वास आणि एक अट घेऊन आला. शाळेत असताना त्याचे केस लाल होते म्हणून ब्लू; इकडे लाल केसांच्याला गमतीनं ‘निळा’च म्हणतात. आता केस पिकले, नाव काही पिकलं नाही.

अट अशी. शो-डेच्या, म्हणजे महिनाअखेरच्या शेतकी जत्रेच्या सुट्टीला त्याची बोट गच्च भरते, होबार्टहून लोक पोराबाळांसकट देवमासे बघायला येतात. बोटीखाली सोडलेल्या माईकमधून देवमाशाचा आवाज त्या दिवशी वरच्या कर्ण्यात नीट ऐकू आला, तर माझा डबा पास. मग त्याच्या बोटीला एक आणि त्याच्या चुलतभावांच्या बोटींनाही एकेक. नाही आला, तर तो आपला नेहमीसारखा स्वतःच्या तोंडानं देवमाशाचा आवाज काढणार.

“लोक टाळ्या वाजवतात माझ्या आवाजाला,” म्हणाला.

“दया येत असेल,” मी म्हटलं.

माझी लेक टेगन चुलीपाशी बसून हसत होती. तिच्या डोक्यात काय चाललंय मला ठाऊक आहे. पर्थच्या एका मोठ्या कंपनीनं तिला बोलावलंय. खाणीतल्या यंत्रांचं काम, झकपक प्रयोगशाळा. शो-डेच्या दुसऱ्या दिवसापर्यंत कळवायचं आहे. इथे काय आहे? सफरचंदाची जुनी शेड, दोन टेबलं आणि मी. मी कामाला होते तो होबार्टचा कारखाना बंद पडल्यावर मी इथे दुकान मांडलं, तेव्हा पोरगी उन्हाळ्यापुरती मदतीला म्हणून आली आणि राहिली. आता तिनं आपला रस्ता धरायला हवा.

मी ठरवलंय, एक अक्षर बोलायचं नाही. मी मेलबर्नला नोकरीला निघाले तेव्हा माझ्या आईनं माझ्या बॅगेवर बसकण मारली होती. मी गेले, पण वर्षभर जेवताना घास अडकायचा. ते मी माझ्या लेकीला करणार नाही. डबा चालला की तिची माझ्याविषयीची काळजी मिटेल आणि ती हलक्या मनानं जाईल. म्हणजे डबा चाललाच पाहिजे.

बुधवार, ४ ऑक्टोबर

कामाला सुरुवात झाली आणि मी खुशीत आहे. माईकचा आवाज आकड्यांत बदलून यूएसबीच्या तारेवरून कॉम्प्युटरला द्यायचा, एवढंच या डब्याचं काम. त्यासाठी जी कंट्रोलर चिप घेतली आहे ती मोठी मजेशीर आहे. तिला स्वतःची आठवण नाही. वीज गेली की सगळं विसरते आणि वीज आली की कोरी पाटी घेऊन उठते. ‘मी कोण, मी काय करायचं’ हे तिला दर वेळी कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणं म्हणजे फर्मवेअर.

सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. शेजारी एक चिमुकली मेमरी बसवायची, चिप उठल्याबरोबर तिच्यातून वाचून घेते. नाहीतर तार जोडली की कॉम्प्युटरनं सांगायचं. मेमरीच्या वाटेत दोन पिना आहेत, त्यांना जोडणारा टिकलीएवढा जंपर वर बसतो. जंपर काढला की चिप मेमरीकडे ढुंकून बघत नाही आणि लॅपटॉप सांगेल ते मुकाट ऐकते. काम चालू असताना आमच्यातले सगळेच तो काढून ठेवतात, म्हणजे चुकीचा प्रोग्राम मेमरीत बसून चिप आडमुठी होत नाही. काम संपलं की लावायचा.

टेगन म्हणाली, “मेमरी हवी कशाला? बोटीवरचा कॉम्प्युटरच देऊ दे की प्रोग्राम रोज.”

“माझा डबा स्वतःच्या पायावर उभा राहील,” मी म्हटलं. “रोज सकाळी दुसऱ्याला विचारणार नाही मी कोण म्हणून.”

“विचारलं तर काय बिघडलं? सोबत असली की विचारतोच माणूस.”

काय बोलते कधीकधी ही पोरगी. मी सोल्डरिंगमध्ये होते, म्हणून उत्तर राहिलंच.

शनिवार, ७ ऑक्टोबर

भांडण. छान भांडण, दोघींनाही भूक लागली.

यूएसबीवरून माल पाठवायच्या दोन रीती आम्ही धरून आहोत. टेबलावर आम्ही त्यांना घाऊक आणि वक्तशीर म्हणतो. घाऊक म्हणजे तारेवर जागा मिळेल तेव्हा निघायचं, पण एक कण गाळायचा नाही. वाटेत बिघडलं तर पुन्हा पाठवायचं. वक्तशीरमध्ये दर क्षणाला तुमची जागा राखलेली असते. त्या क्षणी जे असेल ते गेलं, बिघडलं तर बिघडलं, मागे वळून बघायचं नाही.

माझं मत जगजाहीर आहे. अर्धवट माल पाठवणं हा आळशीपणा. मी उभ्या आयुष्यात अर्धवट काही पाठवलेलं नाही.

“आई, लोक डोळ्यांनी देवमासा बघत असणार,” टेगन म्हणाली. “आवाज त्याच घटकेला यायला हवा. एखादा कण गळला तर कोणाला कळतंय?”

“मला कळेल.”

“तू बोटीवर नसशील.”

“तरी कळेल.”

घाऊकच ठेवलं. जेवताना ती म्हणाली, “पर्थच्या माणसाचा पुन्हा फोन आला होता.” मी म्हटलं, “छान.” तिनं बटाटे दोनदा वाढून घेतले, म्हणजे मजेत असावी.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

डबा झाला! टेबलावर दिवसभर चालवला. माईक पाण्याच्या बादलीत सोडून टेगननं बोटांनी पाणी हलवलं, तर कर्ण्यातून समुद्र आल्यासारखा वाटला. लॅपटॉपला तार लावली की क्षणात जागा होतो, शहाण्या मुलासारखा. संध्याकाळी त्यात इपॉक्सी ओतून टाकली. खारं पाणी आत शिरायची शक्यताच नको. उद्यापर्यंत दगड होईल, मग छिन्नीनंही उघडणार नाही.

टेगन म्हणाली होती की ओतण्याआधी एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघू. मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला.

टेबल आवरताना खिडकीत, चहाच्या कपामागे एक सुटा जंपर सापडला. या टिकल्या कुठून कुठून निघतात कोण जाणे. बटणांच्या बरणीत टाकला.

शनिवार, १४ ऑक्टोबर

अब्रू गेली.

बोटीवर ब्लूच्या कॉम्प्युटरला तार लावली. त्यानं पडद्यावर ‘अनोळखी वस्तू’ असं दाखवलं आणि गप्प बसला. तार बदलली. भोक बदललं. ब्लूनं कॉम्प्युटरच्या पाठीवर एक चापटही मारली. मग माझा लॅपटॉप लावला, तर डबा क्षणात जागा! पुन्हा ब्लूचा, पुन्हा अनोळखी.

“हा डबा तुझ्याशिवाय कोणाशी बोलतच नाही, ग्लेनिस,” ब्लू म्हणाला. “लाडावून ठेवलायस.”

मी त्याच्या कॉम्प्युटरला नावं ठेवली, वर्षानुवर्षं त्याच्यावर सांडलेल्या चहाचा उद्धार केला, बोटीच्या विजेवर संशय घेतला. टेगन तोवर तारा गुंडाळत होती. परत येताना गाडीत तिनं हळूच विचारलं, “आई, ओतण्याआधी जंपर लावला होतास ना?”

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

काखेत कळसा नि गावाला वळसा. म्हणजे सगळे दिवस डबा स्वतःच्या पायावर उभा नव्हताच. माझा लॅपटॉप त्याला दर वेळी मागून गुपचूप सांगत होता आणि मी कौतुक करत होते त्याच्या हुशारीचं. आता जंपरची जागा इपॉक्सीच्या दगडात आहे आणि जंपर बटणांच्या बरणीत. सगळ्या आयुष्यात मला स्वतःचा इतका राग क्वचित आला असेल.

टेगन इतकी हसली की तिला दार उघडून खाली उतरावं लागलं. मग मीही हसले. कडेच्या कुरणातल्या मेंढ्या आमच्याकडे बघत होत्या.

रविवार, १५ ऑक्टोबर

दुसरा डबा करायला चिपा सिडनीहून यायला हव्यात, त्या शो-डेआधी येत नाहीत. टेगननं सकाळी अंड्यांबरोबर उपाय वाढला. ब्लूच्या कॉम्प्युटरवरच एक छोटा प्रोग्राम बसवायचा. कोरी चिप दिसली की तो तिला फर्मवेअर देईल. मग ती तारेवरून एकदा गायब होते आणि नव्या ओळखीनं परत येते, पुढचं काम सुरू. तिची ही सूचना मी पहिल्याच आठवड्यात उडवून लावली होती, हे तिनं बोलून दाखवलं नाही. मी असते तर दाखवलं असतं.

“आणि फायदा बघ,” ती म्हणाली. “उद्या काही बदलायचं झालं तर डबा फोडायला नको. नवी फाइल दिली की झालं. घट्ट बंद डब्यालाही नवं काही शिकवता येतं.”

दुपारपर्यंत लिहून झाला. तिनंच लिहिला, मी चहा केला. तिचं काम बघत बसले होते. माझ्याहून नीटनेटकं आहे. हे तिला सांगायला हवं होतं, पण तेव्हा ती कामात होती आणि नंतर मी विसरले. पर्थवाल्यांना चांगलं माणूस मिळतंय.

शनिवार, २१ ऑक्टोबर

डबा ब्लूच्या कॉम्प्युटरवर चालला! सुरुवातीला. बोटीवर ब्लू, त्याची बायको डॉट आणि आम्ही दोघी. ब्रूनी बेटाच्या पलीकडे गेलो तर एक आई नि पिल्लू, बोटीपासून जवळच. त्या बाईनं शेपटी उचलून अशी आपटली की आमच्या अंगावर पाणी.

कर्ण्यातून काहीच नाही. नुसती सळसळ.

मग मासे बुडाले, दूर गेले. डॉटनं थर्मास उघडला, ब्लूनं त्याचा तो टास्मानियाच्या न्हाव्याचा विनोद सुरू केला, आणि ऐन रंगात आल्यावर कर्ण्यातून धप्प!

“वरातीमागून घोडं!” ब्लू ओरडला.

पुढे पुढे तर आवाज आणखी मागे पडत गेला. ब्लूचा कॉम्प्युटर नकाशाही काढतो, कॅमेराही चालवतो, बुकिंगही बघतो. त्या सगळ्यातून जागा मिळेल तेव्हा माझा घाऊक माल निघायचा. एक कण गळला नाही, पण रांग वाढत गेली. धक्क्याला लागलो तेव्हा कर्ण्यात पिल्लू अजून बेटापाशीच घुरघुरत होतं.

“आई, तुझंही असंच आहे,” टेगन म्हणाली. “विचारलेल्याचं उत्तर येतं, अगदी पुरतं येतं, पण दुसऱ्या दिवशी.”

“पुरतं येतं ना? मग झालं तर,” मी म्हटलं. डॉटनं टेगनकडे बघून मान हलवली. या दोघींचं चांगलं जमतं.

सोमवार, २३ ऑक्टोबर

वक्तशीर केलं. झालं एकदाचं, लिहूनच टाकते म्हणजे पुन्हा वाद नको.

टेगननं चिपेच्या फर्मवेअरमध्ये रीत बदलली आणि तारेवर दर क्षणाची जागा राखून घेतली. मी कान लावून बसले. कुठेतरी एखादी बारीक टिचकी येते, एक कण गळाल्याची. पहिल्या टिचकीला मी खुर्चीतून उठले, दहाव्या-अकराव्याला बसूनच राहिले. मग बादलीत चमचा टाकला, तर पाण्याचा आवाज आणि चमच्याचा आवाज एकदमच आले, आणि मला हसूच फुटलं. फाइल ब्लूला ईमेलनं पाठवली. त्याचं उत्तर आलं: ‘डब्याला शाळेत घातलंत वाटतं.’

संध्याकाळी दोघी धक्क्यावर जाऊन बसलो. पाणी शांत होतं.

“मी गेल्यावर हे सगळं कोण बघणार?” टेगननं विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि मी तयार होते. “मी बघीन की,” अगदी ठणकावून म्हटलं. “तू काळजीच करू नकोस. आता सगळं शिकले मी. एकटीला आरामात जमेल.”

तिनं एक खडा उचलून पाण्यात टाकला. चांगलं झालं, तिच्या मनावरचं ओझं उतरलं असेल. मला वाटतं मी हे प्रकरण चांगलं हाताळते आहे. माझी आई असती तर एव्हाना बॅगेवर बसली असती.

गुरुवार, २६ ऑक्टोबर, शो-डे

काय दिवस!

बोट गच्च. वारा बेताचा. डबा लावला, क्षणभर कोरा, मग ओळख पटली आणि समुद्र बोलायला लागला. आधी डॉल्फिनांचा टकटकाट, पोरं कर्ण्याखाली गोळा. मग बेटाच्या टोकाशी एक थोरला देवमासा आला, श्वास सोडला, वळला, आणि त्यानं शेपटी आपटली त्याच घटकेला कर्ण्यातून धप्प! अख्खी बोट किंचाळली. एका आजोबांनी टोपी काढून हातात धरली. ब्लू सुकाणूवरून ओरडला, “आता माझी नोकरी गेली!” मला इतका आनंद झाला की मी ओळख ना पाळख अशा एका बाईला मिठी मारली.

परतताना ब्लू म्हणाला, “डबे घेतले. बोललो म्हणजे बोललो. पण ऐन हंगामात हे बिघडलं तर रात्री-अपरात्री बोटीवर कोण येणार? तू की ही पोरगी?”

“मी,” मी लगेच म्हटलं. “आणखी कोण? टेगन तर चालली पर्थला.”

“असं?” ब्लू म्हणाला. “ठरलं वाटतं.”

टेगन उठून बोटीच्या मागच्या टोकाला गेली आणि खडकांवरचे सील बघत राहिली. वाऱ्यानं तिचे डोळे लाल झाले होते. घरी आल्यावर दमले म्हणून लवकर तिच्या मागच्या खोलीत गेली. मी एकटीनंच आनंदाची बिअर उघडली. पहिले काही घोट चांगले लागले.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर, सकाळी

चहाआधी लिहिते आहे, कारण झोप नीट लागली नाही. कालचं वाचलं. मी लिहिलंय, वाऱ्यानं तिचे डोळे लाल झाले होते.

वारा बेताचा होता. हेही मीच लिहिलंय.

आणि ब्लूनं प्रश्न विचारला तेव्हा टेगन ब्लूकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी ‘मी’ म्हणेपर्यंत बघत होती. धक्क्यावर ‘मी गेल्यावर कोण बघणार’ म्हणाली तेव्हाही माझ्याकडेच बघत होती. पर्थचा फोन आला हे सांगितलं तेव्हाही. आणि मी दर वेळी सांगत सुटले की तुझी गरज नाही, गरज नाही. वाटलं, मोठं मन दाखवतेय. देवा रे. आईनं बॅगेवर बसून जेवढं दुखवलं नसेल तेवढं मी...

तिच्या खोलीतून आवाज आला. उठली वाटतं. आज कळवायचं आहे. जाते.

शुक्रवार, दुपारी

गेले तर ती खोलीतच बसून टोस्टला व्हेजिमाइटचा खारट लेप लावत होती. मी दारात उभी, हातात हे पेन तसंच. भाषण काही तयार नव्हतं.

“जाऊ नकोस,” मी म्हटलं.

“कुठे?”

“पर्थला. म्हणजे जायचं असेल तर जा. पण जाऊ नकोस. एकटीला जमेल मला, पण मला ते एकटीनं करायचंच नाहीये. तुझं काम माझ्याहून चांगलं आहे. ते त्या रविवारीच सांगायचं होतं.”

टेगननं सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा असा झाला की हसते आहे की रडते आहे ते कळेना.

“आत्ता?” ती म्हणाली. “आई, आत्ता सांगतेस? काल रात्री कळवून टाकलं मी त्यांना. येते म्हणून.”

मी तिच्या पलंगावर बसले. मग जे सुचलं ते बोलले. “बरं. मग जा, बाळा. चांगली कंपनी आहे.”

“झालं! परत तेच!” ती एवढ्यांदा ओरडली की शेजारच्यांचा कुत्रा भुंकला. “आयुष्यात एकदा मनातलं बोललीस, ते लगेच मागे घेऊ नकोस! इतके दिवस मी वाट बघतेय. नुसतं ‘थांब’ म्हण, एवढंच हवं होतं. मला वाटलं, हिला शेड मोकळी हवी आहे.”

“मला वाटलं, तुला जग मोकळं हवं आहे.”

“मला विचारलंस?”

नव्हतं विचारलं. तेही आत्ताच विचारलं. मग दोघी रडलो. टोस्ट गार झाला, तो तसाच खाल्ला, अर्धा-अर्धा.

पर्थचं घड्याळ आमच्या तीन तास मागे, तिथे तेव्हा अजून पहाट होती. ऑफिस उघडायला वेळ होता, तिचं उत्तर तिथे कोणी वाचलंही नसेल. तेवढ्या वेळात टेगननं अटी घातल्या आणि मी सगळ्या मान्य केल्या. शेडवर तिचंही नाव लागणार. कुठल्याही डब्यात इपॉक्सी ती बघितल्याशिवाय ओतायची नाही. ‘मला एकटीला जमतं’ हे वाक्य या घरातून बंद. आणि सध्या एक वर्ष, मग दोघींनी मिळून बघायचं. शेवटची अट मला आवडली नाही आणि ते मी तिथल्या तिथे तिला सांगितलं. ती म्हणाली, “शाब्बास.”

तिनं फोन मागच्या खोलीत नेला नाही. शेडमध्ये, टेबलावर, माझ्यासमोर बसून लावला. तिकडचा माणूस बराच वेळ बोलत होता, चांगला वाटला बिचारा. पगार कमी वाटतो का विचारत होता, असं तिच्या उत्तरांवरून कळलं. मी हात कुठे ठेवावेत ते न कळून टेबल पुसत होते.

“हो, काल मीच हो म्हटलं होतं,” टेगन म्हणाली, माझ्याकडे बघत. “पण काल मला इथे कोणी विचारलं नव्हतं.”